रोज्याची कजा आहे, गोळीची नाही

संध्याकाळचे साडेसहा वाजत आले की नांदेडच्या देगलूर नाक्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. खजूर, टरबूज, भजी, समोसे, दहीवडे यांच्या गाड्यांपुढे रोजेदारांची गर्दी असते आणि रोजा नसलेल्यांचीही. मगरिबची अजान होते, खजूर तोंडात जातो आणि तेरा-साडेतेरा तासांचा उपवास सुटतो. लातूर नांदेडच्या नैर्ऋत्येला, त्यामुळे तिथली अजान दोन-तीन मिनिटे उशिरा. मग गंजगोलाईभोवतीच्या रस्त्यांवरही हीच लगबग सुरू होते.

नमाज आटोपली की आणखी एक गर्दी दिसू लागते, मेडिकलच्या काउंटरवर. "तीन टाइमची गोळी आहे, दोन टाइममध्ये बसवून द्या." "ताप आहे, पण उद्याचा रोजा सोडायचा नाही. जरा पावरची गोळी द्या." "मागच्या वेळी दिली होती तीच द्या, चिठ्ठी हरवली." औषध दुकानदारांना ही वाक्ये रमजानमध्ये पाठ झालेली असतात.

या गर्दीत न दिसणारे काही जणही असतात. त्यांच्या गोळ्या घरातच असतात, कपाटात, कपड्यांच्या घडीखाली. कोणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून तिथे ठेवलेल्या. त्या गोळ्या टीबीच्या असतात.

सोमवार, २४ मार्च २०२५. रमजानचा तेविसावा रोजा आणि जागतिक क्षयरोग दिन त्या वर्षी एकाच दिवशी आले होते. संयम आणि औषध या दोन गोष्टींचा एकत्र विचार करायला त्याहून चांगला दिवस मिळाला नसता.

दिक आणि क्षय

२४ मार्च १८८२ रोजी जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. तोवर हा आजार कोणी आनुवंशिक मानत होते, कोणी शाप मानत होते. तो जंतूमुळे होतो आणि एकाकडून दुसऱ्याकडे जातो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. म्हणून २४ मार्च.

मराठीत क्षय म्हणजे झिजणे. उर्दूत या आजाराला दिक किंवा तपेदिक म्हणतात. तप म्हणजे ताप. आणि 'दिक करना' म्हणजे छळणे, बेजार करणे. मराठवाड्यात आपण सारे रोज वापरतो तो 'दिक्कत' हा शब्दही त्याच अरबी धातूतला. दोन भाषांनी एकाच आजाराची दोन लक्षणे पकडली आहेत. एकीने शरीराची झीज पाहिली, दुसरीने पाठ न सोडणारा छळ.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षय झाला. त्यांतले २६ टक्के एकट्या भारतातले. परिस्थिती सुधारते आहे, हेही खरे. २०१५ मध्ये आपल्याकडे दर लाख लोकसंख्येमागे २३७ नवे रुग्ण होते, ते २०२३ मध्ये १९५ वर आले. पण २०२५ पर्यंत क्षयमुक्तीचे जे उद्दिष्ट देशाने ठेवले होते, त्यापासून हा आकडा अजून फार दूर आहे.

रोजा का नाही?

पुढचे घर कोणते एक नाही. नांदेडच्या इतवाऱ्यात सापडेल, लातूरच्या पटेल चौकाजवळ सापडेल, कंधार-औशालाही सापडेल. घरातल्या सुनेला दोन महिन्यांपूर्वी टीबी निघाला. नवऱ्याला ठाऊक आहे, सासूला 'छातीत कफ आहे' एवढेच सांगितले आहे. गोळ्या सुरू झाल्या, खोकला थांबला, भूक लागू लागली, अंगावर थोडे मांस आले. तेवढ्यात रमजान आला.

पहिल्या सहेरीला सासू हाक मारते, "बेटा, उठ. वक्त जा रहा." ती उठते. गोळी सहेरीच्या आधी घ्यावी तर सगळे समोर असतात. इफ्तारनंतर घ्यावी तर स्वयंपाकघरात पाहुणे. रोजा ठेवू नये तर एकच प्रश्न दिवसभर घरातून, शेजारून, माहेरून येत राहणार: "रोजा का नाही?" या प्रश्नाचे खरे उत्तर दिले की आजार उघडा पडतो. मग धाकट्या नणंदेच्या सोयरिकीपर्यंत बोलणी जातात. म्हणून ती रोजाही ठेवते आणि गोळीही बंद करते. तसेही आता बरे वाटते आहेच. ईद झाली की पुन्हा सुरू करू, असे ती मनाला सांगते.

तिने देवासाठी रोजा ठेवला असे बाहेरून दिसते. खरे तर तिने तो लोकांसाठी ठेवलेला असतो.

बरे वाटणे म्हणजे बरे होणे नव्हे

टीबीच्या गोळ्या सहा महिने का घ्याव्या लागतात, हे एकदा समजले की खंड पाडण्याची भीती आपोआप वाटू लागते.

पोट बिघडवणारे काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. क्षयाचा जंतू फार संथ. त्याला दुप्पट व्हायला जवळजवळ एक दिवस लागतो. त्यातले काही तर फुप्फुसाच्या कोपऱ्यात झोपल्यासारखे पडून राहतात. औषध मुख्यतः वाढणाऱ्या जंतूंवर झपाट्याने काम करते. पहिल्या दोन महिन्यांत चपळ जंतू मरतात, म्हणून खोकला आणि ताप जातो. झोपलेले मात्र शिल्लक असतात. त्यांच्यासाठी पुढचे चार महिने आहेत.

औषधेही एक नाही, चार आहेत: आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. पहिले दोन महिने चारही, नंतरचे चार महिने पायराझिनामाइड सोडून उरलेली तीन. कोट्यवधी जंतूंमध्ये एखाद्या औषधाला दाद न देणारे थोडे जंतू आधीपासूनच असतात. एकच औषध दिले तर तेवढे वाचतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. चार औषधांचा मारा एकदम असला की एकाला चुकवणारा जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. सरकारी योजनेत ही औषधे एकाच गोळीत मिसळून, रुग्णाच्या वजनानुसार गोळ्यांची संख्या ठरवून, रोज एकदा देतात. पूर्वी दिवसाआड डोस असे; २०१७ पासून रोजचा झाला.

या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते. अनेक जण घाबरून औषध सोडतात. तो रिफॅम्पिसिनचा रंग आहे, त्याने अपाय होत नाही. मात्र डोळे पिवळे दिसणे, सतत उलट्या, नजर अंधुक होणे, हातापायांना मुंग्या येणे यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. रिफॅम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हेही विवाहित रुग्णांनी विचारून घ्यावे.

सलग एक महिना औषध थांबले की राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नोंदीत तो रुग्ण उपचारातून गळालेला धरला जातो. रमजान एकोणतीस किंवा तीस दिवसांचा असतो. 'ईदनंतर सुरू करू' या वाक्यातला धोका या दोन आकड्यांत आहे.

आजाऱ्याला दिलेली सवलत

सुटलेला रोजा रमजाननंतर ठेवून भरून काढणे याला कजा म्हणतात. कुरआनच्या सूरह बकरामध्ये जिथे रोज्यांची आज्ञा आहे, तिथेच लगोलग आजारी आणि प्रवासी यांना सूट आहे. त्यांनी राहिलेले दिवस नंतर मोजून पूर्ण करावेत, असे सांगितले आहे. आणि अल्लाहला माणसाची सोय हवी आहे, अडचण नको, हे कारणही त्याच ठिकाणी दिले आहे. ही सूट मागून मिळालेली नाही, आज्ञेबरोबरच आलेली आहे. ज्याचा आजार बरा होण्याची आशाच नाही, त्याच्यासाठी फिदया आहे, म्हणजे प्रत्येक रोज्याबद्दल एका गरजूला जेवण.

औषधोपचार करावा की अल्लाहवर सोडावे, असे प्रेषित मुहंमद (स.) यांना विचारले गेले तेव्हा त्यांनी उपचार करण्यास सांगितले, असे हदीसमध्ये येते. म्हातारपणाखेरीज प्रत्येक दुखण्याला इलाज दिलेला आहे, असा त्याचा आशय. साथीच्या गावात बाहेरच्याने जाऊ नये आणि आतल्याने बाहेर पडू नये, ही शिकवणही तिथलीच. २०२० च्या रमजानमध्ये मशिदी बंद होत्या आणि लोकांनी तरावीह घरी पढली, तेव्हा उलेमांनी याच हदीसचा दाखला दिला होता.

दवा आणि दुआ यांत भांडण नाही. कजा रोज्याला आहे, गोळीला नाही. रोजा सहा महिन्यांनी ठेवला तरी तो रोजाच असतो. महिनाभराच्या गोळ्या पुढच्या महिन्यात दुप्पट घेऊन भरून निघत नाहीत, उलट यकृताला इजा होते. एखाद-दुसऱ्या दिवशी डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. आरोग्य कर्मचाऱ्याला सांगावे, तो पुढचा हिशेब लावून देतो.

गोळीची वेळ कोण ठरवणार?

टीबी झालेल्या प्रत्येकाने रोजा सोडलाच पाहिजे असेही नाही. गोळी दिवसातून एकदा आणि शक्यतो मोकळ्या पोटी घ्यायची असते. तब्येत सावरलेली असेल, वजन वाढत असेल, मधुमेह नसेल, तर सहेरीच्या तासभर आधी किंवा इफ्तारनंतर पोट हलके झाल्यावर गोळी घेऊन रोजा ठेवता येईल का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारता येतो. पण पहिले दोन महिने चालू असतील, उलट्या होत असतील, वजन फार घटले असेल, तर उत्तर बहुधा 'नाही' असेच येईल. विचारायचे आहे डॉक्टरांना. मेडिकलवाल्याला नाही, शेजारणीला नाही आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशाला तर नाहीच.

हेच इतर औषधांचेही. दर आठ तासांनी घ्यायची अँटिबायोटिक गोळी रोज्यासाठी दोन वेळांत कोंबली तर रक्तातले औषधाचे प्रमाण मधल्या काळात खाली जाते आणि जंतूंना सावरायला वेळ मिळतो. दिवसातून एकदा किंवा दोनदा घेण्याजोगे दुसरे औषध असते का, हे रोजेदाराने तपासणीच्या वेळीच डॉक्टरांना विचारावे. अनेकदा असते. सर्दी-पडसे आणि बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते, तिथे अँटिबायोटिक काहीच करत नाही. 'पावरची गोळी' नावाचे औषध कोणत्याही पुस्तकात नाही.

गोळीच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. २०१६ मध्ये केंद्र सरकारने या लाल रेघेची मोहीम सुरू केली. टीबीची औषधे आणि काही तीव्र अँटिबायोटिके 'एच-१' या यादीत आहेत. २०१४ पासून ती विकताना दुकानदाराला रुग्णाचे, डॉक्टरांचे आणि औषधाचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. नोंद मागणारा दुकानदार चौकशा करत नसतो, कायदा पाळत असतो.

तपासणीबद्दलही गैरसमज आहेत. १९९७ मध्ये जेद्दा येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने, तपासणीसाठी रक्त देण्याने आणि पोषण न देणाऱ्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही, असा निर्णय दिला आहे. थुंकीच्या नमुन्याचा तर प्रश्नच येत नाही. शंका असेल तर आपल्या मशिदीतल्या मौलानांना विचारावे. पण दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, थुंकीतून रक्त अशी लक्षणे असताना तपासणी ईदपर्यंत पुढे ढकलू नये.

मुंबईने दिलेला इशारा

अर्धवट औषधाचे काय होते, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले. या आजाराला काय नाव द्यावे यावरून सरकारशी वाद झाला. पण २०१२ च्या मे महिन्यात देशभरातल्या खासगी डॉक्टरांनाही प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सरकारकडे करणे बंधनकारक झाले.

त्याआधी डॉ. उदवाडिया यांच्याच गटाने मुंबईतल्या १०६ खासगी डॉक्टरांना टीबीची चिठ्ठी लिहायला सांगितली होती. त्यांनी ६३ वेगवेगळ्या प्रकारच्या चिठ्ठ्या लिहिल्या. बरोबर निघाल्या फक्त सहा. म्हणजे दोष केवळ गोळी सोडणाऱ्या रुग्णाचा नसतो. चुकीची चिठ्ठी, औषधाची टंचाई, कर्ज काढून संपलेले पैसे, हे सारे त्यात असते. जंतू मात्र कारण विचारत नाही. त्याला फक्त फट हवी असते.

औषधांना न जुमानणाऱ्या टीबीचा उपचार पूर्वी दीड-दोन वर्षे चाले. रोज टोचाव्या लागणाऱ्या इंजेक्शनांनी कित्येकांचे कान गेले. २०२४ मध्ये आपल्या देशाने सहा महिन्यांची, फक्त गोळ्यांची नवी उपचारपद्धती मंजूर केली. हा मोठा दिलासा आहे. तरीही ती वेळ येऊ न देणे हेच सोपे. शिवाय असा रुग्ण खोकतो तेव्हा तो हाच बिघडलेला जंतू हवेत सोडतो. सुनेने सोडलेल्या गोळीची किंमत मग तिचे मूलही मोजते.

एका ताटात जेवल्याने नाही

इफ्तारला दस्तरखानावर अनेक हात एका ताटात जातात. टीबीच्या रुग्णाला तिथून उठवण्याची, त्याचा पेला वेगळा ठेवण्याची रीत अनेक घरांत अजून आहे. हिंदू घरांतही आहे, मुस्लिम घरांतही. त्याची गरज नाही. हा आजार ताट, पेला, कपडे, हस्तांदोलन, गळाभेट यांतून पसरत नाही. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो तेव्हा हवेत गेलेल्या सूक्ष्म कणांतून तो पसरतो. मणक्याचा किंवा गाठीचा टीबी तर सहसा दुसऱ्याला होतच नाही. औषध नियमित सुरू झाले आणि ते लागू पडले की दोन-तीन आठवड्यांत पसरण्याचा धोका खूपच उतरतो.

१९५६ मध्ये चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, क्षय उपचार केंद्र सुरू झाले. तिथे गरीब वस्त्यांतल्या रुग्णांचे दोन गट केले. एक गट रुग्णालयात चांगल्या आहारावर ठेवला, दुसरा आपल्याच दाटीवाटीच्या घरात. औषधे दोघांना सारखीच. १९५९ मध्ये निष्कर्ष आले. घरी राहिलेलेही जवळपास तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागणही झाली नाही. जगभरातली क्षयाची आरोग्यधामे हळूहळू बंद होण्यामागे या भारतीय अभ्यासाचा मोठा हात आहे. आजाऱ्याला घराबाहेर काढण्याची गरज विज्ञानाने तेव्हाच संपवली. घराघरांत ती अजून संपायची आहे.

जपायची असेल तर हवा जपावी. तरावीहच्या वेळी मशिदीच्या खिडक्या उघड्या असाव्यात. लातुरात गावोगावची मुले शिकायला येतात, एका खोलीत चौघे राहतात, बंद अभ्यासिकेत दहा-बारा तास बसतात; तिथेही खिडकी उघडी हवी. खोकताना तोंडावर रुमाल, आणि निदान होऊन काही दिवस होईपर्यंत मास्क. घरात रुग्ण असेल तर इतरांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणी करून घ्यावी. आजार नसलेल्यांसाठी प्रतिबंधक औषध सरकारी योजनेत मोफत मिळते.

दवाखान्याचीही जबाबदारी

हे सारे रुग्णाला सांगणे सोपे आहे. पण नांदेडकरांच्या मनात २०२३ च्या ऑक्टोबरची आठवण ताजी आहे. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. औषधांच्या टंचाईची चर्चा झाली, प्रशासनाने ती नाकारली, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर गरीब माणसाचे पाऊल सरकारी दवाखान्याकडे जड झाले असेल तर त्याला दोष कसा द्यायचा?

२०२४ च्या मार्चमध्ये टीबीच्या औषधांचाच देशभर तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करायला सांगितले. त्या दिवसांत गोळी चुकली ती रोज्यामुळे नाही, उपवासामुळेही नाही. रुग्णाने सहा महिने एकही दिवस चुकवू नये असे म्हणणाऱ्या व्यवस्थेने स्वतःही एक दिवस चुकवता कामा नये.

तरीही टीबीसाठी सरकारी दवाखान्याकडे पाठ फिरवू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत या आजाराची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. काही तासांत निदान करणारी, औषधाला दाद मिळेल की नाही तेही सांगणारी यंत्रे जिल्ह्यांत पोहोचली आहेत. खासगी डॉक्टरांकडे जाणाऱ्यालाही ही मोफत औषधे मिळू शकतात. प्रश्न असतील तर निक्षय संपर्क ही १८००-११-६६६६ क्रमांकाची मोफत दूरध्वनी सेवा आहे. फोनवर आपला आजार शेजाऱ्याला कळत नाही.

दस्तरखानावरचे औषध

टीबी आणि भूक यांचे जुने नाते आहे. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरचे १० हजारांहून अधिक लोक घेऊन एक अभ्यास झाला. २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सगळ्या रुग्णांना महिन्याचा शिधा दिला. निम्म्या घरांत कुटुंबीयांनाही तांदूळ, डाळ असा जादा शिधा दिला. ज्या घरच्यांना तो मिळाला, त्यांच्यात नवा टीबी होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. लस नाही, महागडी गोळी नाही, डाळ-तांदूळ.

सरकार निक्षय पोषण योजनेत उपचार संपेपर्यंत रुग्णाच्या खात्यावर महिन्याला पैसे टाकते. २०१८ मध्ये ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. शिवाय 'निक्षय मित्र' म्हणून कोणीही व्यक्ती, संस्था किंवा मंडळ एखाद्या रुग्णाच्या महिन्याच्या शिध्याची जबाबदारी घेऊ शकते. रमजानचे अखेरचे दहा दिवस आठवा. जकात, सदका, फितरा यांचे हिशेब घरोघरी सुरू असतात. मोठ्या इफ्तार पार्ट्यांचे फलकही चौकाचौकांत लागलेले असतात. त्यातल्या एका पार्टीच्या खर्चात किती क्षयरुग्णांचा सहा महिन्यांचा शिधा निघेल, हा हिशेब एखाद्या मोहल्ला समितीने, एखाद्या गणेश मंडळाने, एखाद्या गुरुद्वाराच्या सेवेकऱ्यांनी मांडून पाहावा. लंगरची परंपरा असलेल्या नांदेडला हे शिकवावे लागणार नाही.

उपवास सगळ्यांचाच

हा प्रश्न एका धर्माचा नाही. एकादशीला गोळी न घेणारे आजोबा, नवरात्रात नऊ दिवस पाण्यावर राहून साखरेची गोळी चालूच ठेवणाऱ्या आणि चक्कर येऊन पडणाऱ्या मावशी, श्रावणात औषधाबरोबर दूध चालेल का असे विचारणाऱ्या ताई, हे सगळे आपल्याच ओळखीचे आहेत. उपवास सोडला तर लोक काय म्हणतील, ही भीती सगळ्या घरांत एकाच चेहऱ्याने वावरते. मधुमेहींना टीबीचा धोका दोन-तीन पट असतो, म्हणून त्यांनी तर उपवास कोणताही असो, डॉक्टरांशी बोलूनच धरावा.

२०२५ मध्ये रविवारी, ३० मार्चला गुढीपाडवा होता. त्याच दिवशी चैत्री नवरात्र बसते. ईदही त्याच्या पाठोपाठच होती. एका घरात कडुलिंबाची पाने गुळाबरोबर चावली जातात, शेजारच्या घरातून शीरखुर्म्याची वाटी येते. कडू औषध आधी घ्यावे आणि तोंड मग गोड करावे, हे पाडवा पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला आहे.

ज्या घरात कोणी रोजा ठेवलेला नाही, तिथे "रोजा का नाही?" असे विचारण्याचा हक्क कोणालाही नाही, तो हिशेब बंदा आणि अल्लाह यांच्यातला आहे. विचारायचेच असेल तर सासूने सुनेला सहेरीच्या वेळी जवळ घेऊन, हळू आवाजात, एवढेच विचारावे: "बेटा, आज गोली ली क्या?"